यू-८६४ पाण्याखाली असतानाच कशी बुडवली? बेअरिंग, अंतर आणि पारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ९ फेब्रुवारी १९४५ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश पाणबुडी व्हेंचररने जर्मन यू-८६४ बुडवली आणि त्या वेळी दोन्ही पाण्याखाली होत्या. संगणक नसताना तीन मितींचं हे गणित व्हेंचररच्या कप्तानाने कसं केलं, की नुसतं नशीब? जोडीला दोन उपप्रश्न: बोटीवर अणुबॉम्बचं सामान होतं का, आणि बुडालेला पारा नॉर्वेवाले वर का काढत नाहीत?

आधी प्रश्नच जरा सरळ करून घेऊ. 'तीन मितींचं गणित' हे या घटनेवरच्या प्रत्येक लेखात येतं, पण खोलीचा भाग त्यात सगळ्यांत सोपा होता. खरी अडचण अंतराची होती. हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकणारं यंत्र, आवाज कुठल्या दिशेने येतोय (बेअरिंग) ते सांगतो, किती लांबून येतोय ते सांगत नाही. त्यामुळे खरा प्रश्न असा, की नुसत्या दिशा हातात असताना अंतर, वेग आणि मार्ग काढायचा कसा. हे काम आजही पाणबुडीच्या प्लॉटवर, म्हणजे दिशा आणि मार्ग आखायच्या नकाशावर, रोज चालतं आणि त्यामागचं तत्त्व १९४५ मध्ये होतं तेच आहे.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. यू-८६४ ही नववा डी-२ प्रकारची, ब्रेमेनमध्ये बांधलेली, ८७.६ मीटर लांबीची पाणबुडी. हा प्रकार लांब पल्ल्यासाठीच होता. याच प्रकारच्या बोटी हिंदी महासागरात यायच्या. त्यांपैकी यू-१९८ ऑगस्ट १९४४ मध्ये सेशेल्सजवळ बुडवली गेली, तेव्हा ब्रिटिश युद्धनौका फिंडहॉर्नबरोबर रॉयल इंडियन नेव्हीची युद्धनौका गोदावरी होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. यू-८६४ चा कप्तान राल्फ-रायमार वोल्फ्राम. तो नवखा नव्हता, आधी यू-१०८ त्याच्याकडे होती. पण यू-८६४ च्या नावावर एकही जहाज नाही. डिसेंबर १९४४ मध्ये ती कीलहून जपानसाठी माल घेऊन निघाली, तीच तिची पहिली आणि शेवटची मोहीम. मालात जेट विमानांचे सुटे भाग, आराखडे आणि पारा, शिवाय जर्मन आणि जपानी तज्ज्ञ. वाटेत नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ती तळाला घासली, दुरुस्तीसाठी बर्गनला गेली आणि तिथल्या पाणबुडी-बंकरवर १२ जानेवारीला ब्रिटिशांनी बॉम्ब टाकले त्यात आणखी रखडली. फेब्रुवारीत एकदाची निघाली, तर डिझेल इंजिन नीट चालेना. झटके देत, नको तेवढा आवाज करत चालणारं इंजिन घेऊन शत्रूच्या पाण्यातून हजारो मैल जाणं शक्यच नव्हतं. बोट माघारी वळली. १० तारखेला हेल्लिसोयजवळ सोबतीला जहाज मिळेल असा निरोप तिला होता.

हे बिनतारी संदेश ब्रिटिश वाचत होते. शेटलंडमधल्या लर्विकहून निघालेल्या व्हेंचररला फेद्ये बेटाजवळ गस्तीला धाडलं गेलं. कप्तान लेफ्टनंट जेम्स लाँडर्स, वय २५. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्याने यू-७७१ बुडवली होती, पण ती पृष्ठभागावर असताना.

आता मुद्द्याकडे. लाँडर्सने ॲस्डिक, म्हणजे स्वतः आवाज सोडून प्रतिध्वनी घेणारा सोनार, वापरला नाही. त्याने अंतर एका क्षणात मिळालं असतं, पण समोरच्यालाही त्याच क्षणी कळलं असतं. तो फक्त ऐकत राहिला. नुसतं ऐकण्यात अडचण काय येते ते आकड्यांत बघू. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, व्हेंचररच्या नोंदवहीतले नव्हेत.

समजा तुम्ही जवळजवळ थांबलेले आहात आणि लक्ष्य तुमच्या नजरेच्या रेषेला काटकोनात डावीकडून उजवीकडे जातंय. ३,००० मीटरवरून ४ नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर) जाणारी बोट तुमच्या दृष्टीने मिनिटाला साधारण २.४ अंश सरकते. ४,५०० मीटरवरून ६ नॉटने जाणारी? तीही २.४ अंश. १,५०० मीटरवरून २ नॉटने जाणारी? पुन्हा २.४. डोळे मिटून रस्त्याकडेला बसलात तर जवळून जाणारी सायकल आणि लांबून जाणारी एसटी कानापुढून सारख्याच गतीने सरकू शकतात, तसंच हे. एका जागी बसून कितीही वेळ ऐकलंत, वही कितीही भरलीत, तरी ही तीन उत्तरं एकमेकांपासून वेगळी होत नाहीत. इथे हुशारी कामाची नाही, माहितीच अपुरी आहे.

उपाय एकच: स्वतः हला. आता तुम्ही ३ नॉटने, लक्ष्य ज्या दिशेने जातंय त्याच दिशेने, समांतर चालू लागा. पहिली बोट (३,००० मीटर, ४ नॉट) आता मिनिटाला फक्त ०.६ अंश पुढे सरकेल, कारण तुमच्यापेक्षा ती एकच नॉट जास्त वेगात आहे. दुसरी (४,५०० मीटर, ६ नॉट) १.२ अंश पुढे सरकेल. तिसरी (१,५०० मीटर, २ नॉट) १.२ अंश मागे पडू लागेल. म्हणजे मघाशी जे तिघं एकसारखे दिसत होते ते तुम्ही चाल बदलताच वेगळे झाले. नुसत्या दिशांवरून अंतर काढण्याच्या सगळ्या पद्धतींचं मूळ एवढंच आहे. पुढची सूत्रं आणि संगणक हे काम लवकर आणि कमी चुकांनी करायला आले.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिली अडचण मोजण्यातल्या चुकीची. हाताने फिरवायच्या हायड्रोफोनवर एक-दोन अंशांची चूक धरूनच चालावं लागतं. मिनिटाला ०.६ की १.२ हा फरक एका मिनिटात त्या चुकीत बुडून जातो. दहा मिनिटांत ६ अंश विरुद्ध १२ अंश होतात तेव्हा कुठे तो दिसायला लागतो. दुसरी अडचण पाण्याची. नॉर्वेच्या किनाऱ्याला वरच्या थरात कमी क्षारांचं पाणी वाहतं. थर बदलला की आवाज वाकतो, क्षीण होतो, मधेच नाहीसा होतो. त्या दिवशी, त्या खोलीवर, त्या समुद्रात कान किती चालत होते यावर बरंच अवलंबून. आणि तिसरी, सगळ्यांत त्रासाची अडचण: समोरचा वळला की तुमची दहा मिनिटांची मेहनत गेली. यू-८६४ तर नागमोडी चालत होती.

इथे लाँडर्सने जे केलं ते मला त्या दिवसातलं सगळ्यांत शहाणपणाचं काम वाटतं. तो घाईत एकेका वळणाचं उत्तर शोधत बसला नाही. जवळजवळ तीन तास तो मागावर राहिला. नागमोडी चालणाऱ्या बोटीचा एक मुख्य मार्ग असतो, आणि वळणं नेमाने घेतली तर तीही प्लॉटवर हळूहळू उमटतात. मग प्रत्येक सरळ तुकड्यातून थोडी माहिती मिळते आणि पुढच्या वळणाचा अंदाज बांधता येतो. नागमोडी चाल फसवते ती दहा मिनिटं बघणाऱ्याला. तीन तास बघणाऱ्याला तीच चाल वेळापत्रक देऊन जाते.

त्याच्याकडे नुसते कानही नव्हते. पेरिस्कोपमधून मधूनमधून समोरच्या बोटीची पाण्याबाहेर आलेली काठी दिसत होती. ती पेरिस्कोप होती की हवा घेणाऱ्या स्नॉर्केलचा दांडा, यावर वाद घालता येईल. डिझेलचा आवाज ऐकू येत होता हे धरलं तर स्नॉर्केलची शक्यता जास्त. काठी दिसल्याने दोन गोष्टी मिळतात. एक, डोळ्यांनी घेतलेली दिशा कानापेक्षा कितीतरी अचूक असते, तिच्यावर हायड्रोफोनची चूक तपासून घेता येते. दोन, खोली. काठी वर ठेवायची तर बोटीला पृष्ठभागापासून दहा-पंधरा मीटरच्या आत राहावंच लागतं. म्हणून सुरुवातीला म्हटलं, खोलीचा भाग सोपा होता. यू-८६४ शंभर मीटरवर शांतपणे बॅटरीवर चालली असती तर १९४५ च्या साधनांनी तिच्यावर पाण्याखालून नेम धरणं जवळपास अशक्य होतं. पण मग ती ऐकूही आली नसती.

वेगासाठी आणखी एक जुनी युक्ती असते: पंख्याचे फेरे मोजणं. प्रत्येक पात्याचा 'धप' कानाला वेगळा ऐकू आला की मिनिटाचे फेरे कळतात आणि त्या प्रकारच्या बोटीचा वेग साधारण किती ते ठरवता येतं. वेग असा वेगळ्या वाटेने मिळाला तर अंतराचं कोडं निम्मं सुटतं.

'संगणक नव्हता' हेही तितकंसं खरं नाही. ब्रिटिश पाणबुड्यांवर यांत्रिक गणकयंत्र असे, खलाशी त्याला फ्रूट मशीन म्हणत. लक्ष्याचा वेग, त्याचा मार्ग आणि टॉर्पेडोचा वेग भरला की किती पुढे नेम धरायचा तो कोन ते देई. फक्त ते जहाजांवर मारा करण्यासाठी बनवलेलं होतं आणि त्यात भरायचे आकडे पेरिस्कोपमधून जहाज बघून मिळतील हे गृहीत होतं. लाँडर्सचं कष्टाचं काम होतं ते हे आकडे मिळवण्याचं. पुढचा कोन काढणं नेहमीचंच.

आता नेम. ब्रिटिश मार्क ८ टॉर्पेडो साधारण ४५ नॉटने, सरळ रेषेत जाई. तो आवाजाचा माग काढत नाही, मागे वळत नाही. दोन मिनिटांत तो सुमारे २,८०० मीटर जातो. तेवढ्यात ४ नॉटची पाणबुडी जवळपास २५० मीटर पुढे सरकलेली असते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या तिप्पट. तुम्ही वेग ४ धरला आणि खरा ६ असला तर टॉर्पेडो पोहोचेपर्यंत १२० मीटरहून जास्त फरक पडतो. बोटीच्या मधोमध नेम धरला तर चुकीला जागा आहे फक्त ४४ मीटर पुढे आणि ४४ मागे. दिशेत दोन अंशांची चूक झाली तरी ३,००० मीटरवर शंभर मीटरची घसरण होते. म्हणून एका टॉर्पेडोवर विसंबणारा माणूस या धंद्यात नसतो.

व्हेंचररच्या नाकात चार नळ्या होत्या. दुपारी १२ वाजून १२ मिनिटांनी लाँडर्सने चारही टॉर्पेडो सोडले, १७.५ सेकंदांच्या अंतराने, वेगवेगळ्या खोलीवर लावून. हा साडेसतराचा आकडा उगाच आलेला नाही. ४ नॉटची बोट साडेसतरा सेकंदांत ३६ मीटर जाते. टॉर्पेडो एकाच रेषेवर अशा अंतराने सोडले, तर बोट ती रेषा ओलांडताना लागोपाठच्या दोन टॉर्पेडोंमध्ये तिच्या लांबीच्या निम्म्याहून कमी अंतर राहतं. अंदाज थोडा पुढेमागे झाला तरी एखादा लागतोच. वेगवेगळी खोली कशासाठी, तर समोरचा आवाज ऐकून बुडी मारायला लागला तर.

सोडतानाही एक भानगड असते, तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. एकेक टॉर्पेडो दीड टनाचा. चार लागोपाठ गेले की नाक हलकं होतं. भरपाईचं पाणी वेळेत आत घेतलं नाही तर पाणबुडीचं नाक पाण्याबाहेर येतं आणि लपलेला शिकारी स्वतःच उघडा पडतो. लाँडर्सने टॉर्पेडो सुटताच बोट खाली नेली. चारही नळ्या आता रिकाम्या होत्या आणि समोर सहा नळ्यांची मोठी बोट होती.

१२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास स्फोट ऐकू आला. चौथा टॉर्पेडो लागला होता. त्यानंतर बोटीची भिंत दाबाने फुटल्याचे आवाज आले. ७३ माणसं होती, एकही वाचला नाही.

तुम्ही वाचलं असेल की वोल्फ्रामने पहिले तीन टॉर्पेडो चुकवले आणि वळून नेमका चौथ्याच्या वाटेत आला. हे जरा बेताने घ्या. आतला कुणी जिवंत राहिला नाही, त्यामुळे त्याने काय हुकूम दिला हे सांगणारा साक्षीदारच नाही. पहिले तीन पुढून किंवा वरून निघून गेले असतील, त्याला काही कळायच्या आतच. पण टॉर्पेडो ऐकू आले असतील तर त्याला दोन मिनिटंही नव्हती, आणि एवढी जड बोट ४ नॉटवर सुकाणूला फार सावकाश दाद देते, हेही खरं.

मग नशीब किती? शेवटच्या शंभर मीटरांत थोडं होतंच, ते प्रत्येक सरळ जाणाऱ्या टॉर्पेडोत असतं. पण त्याआधीच्या तीन तासांत सगळ्या गोष्टी एकाच बाजूने गेल्या, आणि त्या बहुतेक यू-८६४ नेच दिलेल्या होत्या: आवाज करणारं इंजिन, पृष्ठभागाला चिकटून चालणं, वर काढलेली काठी, ओळखता येणारी नागमोड. शिवाय डिझेल चालू असलेल्या बोटीला स्वतःच्याच गोंगाटात बाहेरचं काही ऐकू येत नाही, मागच्या बाजूला तर मुळीच नाही. जर्मन हायड्रोफोन चांगले होते. इंजिन बंद करून ऐकल्याशिवाय त्यांचा उपयोग नव्हता. गणित लाँडर्सच्या हाताखालच्या कुठल्याही चांगल्या प्लॉटवाल्याला जमलं असतं. कप्तानाचं श्रेय तीन तास धीर धरण्यात आहे, आणि पुस्तकात नसलेल्या उत्तरावर चारही टॉर्पेडो लावण्यात. त्याला डीएसओ या ब्रिटिश लष्करी सन्मानाचा बार, म्हणजे तोच सन्मान दुसऱ्यांदा, मिळाला तो योग्यच. पाण्याखालच्या पाणबुडीने पाण्याखालच्याच पाणबुडीला लढाईत ठरवून बुडवल्याचं जाहीर झालेलं आजवरचं हे एकच उदाहरण. व्हेंचरर पुढे १९४६ मध्ये नॉर्वेच्या नौदलाकडे गेली, उटस्टाइन या नावाने.

आता उपप्रश्न. अणुबॉम्बचं सामान हा घोटाळा बहुतेक यू-२३४ मुळे होतो. जपानकडे युरेनियम ऑक्साइड घेऊन निघालेली बोट ती, सुमारे ५६० किलो. जर्मनी शरण आल्यावर मे १९४५ मध्ये तिने अटलांटिकमध्ये अमेरिकनांपुढे शरणागती पत्करली. यू-८६४ वर होता तो पारा, स्फोटकांच्या पेटवणीसाठी लागणाऱ्या फल्मिनेटसाठी.

तो किती होता हे नीट डोळ्यांपुढे आणण्यासारखं आहे. ६७ टन, १,८५७ लोखंडी बाटल्यांमध्ये. म्हणजे बाटलीत ३६ किलो, पण आकारमानाने जेमतेम पावणेतीन लिटर, कारण पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. सगळा मिळून पाच घनमीटरही भरत नाही. हे वजन तळाच्या कण्यात, नेहमीच्या शिशाच्या जागी, भरलेलं होतं. पाणबुडीला खाली वजन लागतंच, तर तिथे मालच भरा, असा साधा हिशेब. त्या वेळी तो अक्कलहुशारीचा होता, पण बाटल्या आता काढणं अवघड झालंय ते यामुळेच.

नॉर्वेच्या नौदलाला ही बोट २००३ मध्ये फेद्येच्या पश्चिमेला सुमारे १५० मीटर खोलीवर सापडली. तिचे पुढचा आणि मागचा असे दोन मोठे तुकडे आहेत; मधला भाग, जिथे टॉर्पेडो लागला, विखुरलाय आणि तिथल्या बाटल्याही. लोखंड ऐंशी वर्षं खाऱ्या पाण्यात आहे, काही बाटल्या गंजून झिरपताहेत. वर्षाला साधारण ४ किलो पारा बाहेर पडतो असा अंदाज अनेक वर्षं दिला जातोय.

तुकडे उचलायचे तर काय बिघडू शकतं ते बघा. कणा वाकला की आतल्या बाटल्या फुटतात. तळाचा गाळ ढवळला की त्यात आधीच बसलेला पारा पाण्यात पसरतो. बोटीवर न फुटलेले टॉर्पेडो असू शकतात. आणि बोट उतारावर बसलेली आहे, तो उतारच डळमळीत. म्हणून २०१६ मध्ये आधी उताराला टेकू म्हणून वाळू-दगडाचा भराव घातला गेला. २००९ मध्ये सरकारने उचलण्याचा निर्णय घेतला होता. २०१८ मध्ये तो बदलून स्वच्छ वाळू आणि दगडांच्या थराखाली झाकून टाकण्याकडे कल गेला. फेद्येच्या लोकांना हे पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे: झाकणाची देखरेख कायमची, आणि ती त्यांच्या दारात.

धातूरूपातला पारा पाण्यात चटकन विरघळत नाही, हा 'झाकून टाका' म्हणणाऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण गाळात प्राणवायू कमी असला की तिथले जिवाणू त्यातल्या काहीचं मिथाइल पाऱ्यात, म्हणजे जास्त विषारी रूपात, रूपांतर करतात आणि तो किड्यांतून खेकड्यांत, माशांत चढत जातो. म्हणून तिथल्या खेकड्यांची आणि तळाशी राहणाऱ्या माशांची नियमित तपासणी होते, आणि गरोदर, स्तनपान करणाऱ्या बायकांनी आणि लहान मुलांनी त्या बोटीच्या आसपासचं समुद्री अन्न खाऊ नये, असा तिथल्या अन्नसुरक्षा खात्याचा सल्ला आहे.